म्हातारपणी अचानक आवाजाला घाबरू लागलेला कुत्रा

कुळागर (फोंडा) :
आमचा जिमी यंदा बारा वर्षांचा झाला. गावठी कुत्रा, अंगाने अजून धडधाकट दिसणारा. जवळच्या देवळातील जत्रेचे दारूकाम सुरू असतानाही तो सोप्यावर पाय पसरून निवांत झोपलेला असे. गेल्या चवथीपासून (गणेशचतुर्थीपासून) मात्र पहिला बार वाजला की त्याला थरथर सुटते, लाळ गळू लागते आणि कोब्यावर त्याच्या पंजांचे ओले ठसे उमटत जातात. दिवाळीच्या आदल्या रात्री, म्हणजे नरकासुराचे पुतळे उभारतात त्या रात्री, पहाटेपर्यंत वाड्यावर ढोल आणि ध्वनिक्षेपक चालू होते. त्या रात्री त्याने न्हाणीघराचे दार ओरबाडून दोन नखे रक्तबंबाळ करून घेतली. या जून महिन्यात विजेच्या पहिल्या गडगडाटालाही तोच प्रकार झाला. एका दवाखान्यात विचारले असता 'वय झाले आहे' एवढेच उत्तर मिळाले. सासूबाईंचे म्हणणे असे की जवळ घेतले तर तो अधिकच भित्रा होईल, परंतु मला त्याला तशा अवस्थेत एकटे सोडवत नाही. चवथ पुन्हा तोंडावर आली आहे. कृपया अनुभव असलेल्यांनी सांगावे.

मांडवीकाठ (डिचोली) :
'वय झाले' या उत्तरावर आपण थांबू नये, ही माझी पहिली विनंती. जो कुत्रा आयुष्यभर आवाजाला घाबरला नाही, तो उतारवयात घाबरू लागला, तर त्यामागे शरीरातील एखादे दुखणे आहे का, हे आधी पाहावे लागते. आमच्या तेरा वर्षांच्या कुत्रीच्या बाबतीत ते खुब्याच्या सांध्याचे निघाले. दचकल्यावर अंगाचे स्नायू एकदम आखडतात, दुखऱ्या सांध्यातून कळ जाते, आणि कुत्र्याच्या मनात आवाज आणि वेदना यांची गाठ बसते. पुढे तो आवाजालाच भिऊ लागतो. ती लंगडत नव्हती, त्यामुळे आम्हाला शंकाही आली नव्हती. नीट पाहिल्यावर लक्षात आले की पायरी चढण्यापूर्वी ती क्षणभर थांबत असे आणि बसताना मागचा एक पाय बाजूला टाकत असे. जिमीचे चालणे, उठणे, पायऱ्या चढणे मोबाइलवर चित्रित करून पशुवैद्यांना दाखवावे, कारण दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा आपले दुखणे हमखास लपवतो. कान, डोळे आणि रक्त यांचीही तपासणी करून घ्यावी. रात्री घरातच वाट चुकल्यासारखे फिरणे किंवा भिंतीकडे पाहत उभे राहणे असे काही दिसत असेल, तर तेही अवश्य सांगावे. म्हातारपणी मेंदू थकल्यामुळेही भीती वाढते.

घरातली वेदनाशामक गोळी मात्र कधीही देऊ नये. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि पॅरासिटामॉलही घातक ठरू शकते.

सांजवात (म्हापसा) :
सासूबाईंच्या शंकेविषयी लिहितो. भीती ही भावना आहे, मुद्दाम लावून घेतलेली सवय नव्हे. म्हणून जवळ घेतल्याने ती वाढत नाही. जिमी आपल्याजवळ येत असेल तर त्याला येऊ द्यावे, हात शांतपणे पाठीवर ठेवावा, आणि तो कोपऱ्यात जात असेल तर ओढून बाहेर काढू नये. आमच्या घरी माजघरात, जिथे बाहेरच्या बाजूला खिडकी नाही, तिथे जुन्या गोधड्यांचे अंथरूण घातले आहे. दार उघडे असते, पंखा मोठ्या वेगाने चालू असतो. घसरू नये म्हणून तिथवर काथ्याच्या चटया टाकल्या आहेत. दुखऱ्या पायांच्या कुत्र्याला गुळगुळीत जमिनीवर घाबरून धावताना फार त्रास होतो.

दुसरी गोष्ट खाण्याची. बार वाजला की लगेच, दर वेळी, उकडलेल्या चिकनचा एक लहान तुकडा द्यायचा. क्रम महत्त्वाचा आहे : आधी आवाज, मग खाणे. उलट केले तर खाणे दिसताच तो आवाजाच्या धास्तीने दूर जाऊ लागेल. तो तुकड्याला तोंडही लावत नसेल, तर भीती या उपायाच्या पलीकडे गेली आहे असे समजावे आणि औषधाचा विचार करावा. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे पशुवैद्य मात्रा ठरवून देतात. ती थरथर सुरू झाल्यावर देऊन फारसा उपयोग नसतो. साधारण दीड-दोन तास आधी द्यावी लागतात, आणि एखाद्या शांत दिवशी आधी देऊन पाहावी लागतात, कारण म्हाताऱ्या कुत्र्याचा तोल कधीकधी जातो. केवळ एसिप्रोमाझिन या गुंगी आणणाऱ्या औषधावर भिस्त ठेवू नये. त्याने शरीर सुस्त होते, पण आतली भीती कमी होत नाही. कुत्रा गप्प पडलेला पाहून आपली मात्र फसगत होते. मीही चर्चच्या एका फेस्ताच्या (उत्सवाच्या) रात्री तसाच फसलो होतो, आणि त्या रात्रीचे त्याचे ताणलेले डोळे मला अजून आठवतात.

ध्वनिमुद्रित गडगडाट हळू आवाजात ऐकवून सवय लावण्याचा उपाय चांगला आहे, परंतु तो चवथ आटोपल्यावरच हाती घ्यावा. चवथीच्या दिवसांत फिरायला नेणे सूर्यास्तापूर्वी उरकावे आणि गळ्यात दूरध्वनी क्रमांकाचा पट्टा असू द्यावा.

मांडवीकाठ (डिचोली) :
एक राहिले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांना 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मर्यादा घातली आहे. आम्ही तक्रारीच्या वाटेला न जाता वाड्यावरच्या नरकासुर करणाऱ्या मुलांना दुपारीच घरी बोलावून कुत्री दाखवली. त्यांनी ध्वनिक्षेपकाचे तोंड दुसऱ्या दिशेला वळवले.

कुळागर (फोंडा) :
आपणा दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी मुद्दाम सोप्याच्या पायऱ्यांशी उभी राहून पाहिले. जिमी तिसऱ्या पायरीवर थांबला, पुढचे दोन्ही पाय वर ठेवले, आणि मागचे उचलायला त्याला बराच वेळ लागला. हे रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. चित्रण करून ठेवले आहे. गुरुवारी दुसऱ्या पशुवैद्यांकडे जात आहोत, आणि सासूबाईंनी माजघरासाठी त्यांची जुनी गोधडी काढून दिली आहे.