‘ग्राम-निगेटिव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

सांगली : डीएमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ पदविकेच्या) मुलांसाठी मराठीत टिपणं करतोय. ‘ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय सीन’ या ओळीला ‘ग्रॅम-ऋण दंडाणू आढळले’ असं लिहिलं, तर मुलं वजनातला ग्रॅम समजतात. दुसरा शब्द सुचवाल का?

मिरज : सर, आधी तो ‘ग्रॅम’ काढा. हे वजन नाही, आडनाव आहे. हान्स क्रिस्टियान ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ मध्ये जिवाणू रंगवून ओळखण्याची ही पद्धत छापली. म्हणून ‘ग्राम’च लिहावं.

खरी अडचण ‘निगेटिव्ह’ची. रिपोर्ट हातात पडलेला माणूस तो शब्द वाचतो आणि ‘चला, काही निघालं नाही’ म्हणून निर्धास्त होतो. लघवीच्या संसर्गात सगळ्यात जास्त सापडणारा ई. कोलाय ग्राम-निगेटिव्हच आहे. कापडाबद्दल आपण बोलतो ते शब्द इथे चपखल बसतात : ‘रंग धरणारे’ आणि ‘रंग सोडणारे’. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, मग अल्कोहोल. जांभळा रंग धरून ठेवला तो पॉझिटिव्ह. सोडला आणि नंतरच्या सॅफ्रानिन या रंगाने गुलाबी झाला तो निगेटिव्ह.

या शब्दांनी चूकही आपोआप कळते. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर रंग धरणारेही रंग सोडतात, आणि स्टॅफ (स्टॅफिलोकोकस, एरवी जांभळा) गुलाबी दिसतो. स्मिअर (स्लाइडवर पसरलेला थर) जाड असला तर उलटं : सोडणारेही जांभळेच राहतात. स्लाइड तिरपी धरून अल्कोहोल थेंबथेंब सोडायचं, ओघळ स्वच्छ यायला लागला की त्याच क्षणी पाणी. शिळ्या कल्चरवर (वाढवलेल्या जिवाणूंवर) विश्वास ठेवू नये. १८ ते २४ तासांचं घ्यावं.

कराड : रंगाबद्दल शंका आली तर केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची) चाचणी करतात, तिला ‘स्ट्रिंग टेस्ट’ म्हणतात. ‘सूत्र-चाचणी’ असं भाषांतर वाचलंय, ते निर्जीव वाटतं. गुऱ्हाळाच्या मुलखात ‘तार’ शब्द असताना सूत्र कशाला? ३ टक्के केओएचचा थेंब स्लाइडवर घ्या, त्यात जिवाणूंच्या वसाहतीतला भरपूर भाग घोटा आणि लूप (टोकाला कडं असलेली सळई) हळूच वर उचला. मिनिटाच्या आत पाकासारखी तार आली तर ग्राम-निगेटिव्ह : पेशीभित्तिका फुटते, आतला डीएनए बाहेर येऊन थेंब चिकट होतो. पॉझिटिव्ह असेल तर थेंब पाण्यासारखाच राहतो. माल कमी घेतला किंवा बाटली उघडी राहून केओएच उतरलं, तर निगेटिव्हलाही तार येत नाही.

तासगाव : स्टॅफच्या ‘क्लस्टर्स’ला ‘पुंजके’ नको, ‘घड’ म्हणा. ‘स्टॅफिली’ म्हणजे ग्रीकमध्ये द्राक्षाचा घडच. आमच्याकडच्या मुलाला चित्र काढून दाखवायची गरजच नाही.

सातारा : कोॲग्युलेजबद्दल (प्लाझ्मा साकळवणारं जिवाणूंचं विकर, त्याच्या चाचणीबद्दल) एक आग्रह. ‘गोठणे’ लिहू नका, ते बर्फाचंही असतं. रक्त ‘साकळतं’, प्लाझ्माही साकळतो. पण हा शब्द नळीतल्या चाचणीपुरताच. स्लाइडवर १० सेकंदांत दिसतं ते साकळणं नव्हे, जिवाणू एकमेकांना चिकटून दाणे धरतात. तिथे ‘दाणे धरणे’ म्हणावं. आधी नुसत्या सलाइनमध्ये घोटून बघा. तिथेच दाणे धरले तर ती चाचणी बाद.

नळी ३७ अंशांवर ठेवून ४ तासांपर्यंत तासातासाने बघायची, हलवायची नाही, नुसती कलती करायची. थेट दुसऱ्या दिवशी बघितली तर फसगत होते, कारण काही स्टॅफिलोकोकस ऑरियस साकळलेलं पुन्हा विरघळवतात. रक्त साकळू न देणाऱ्या रसायनांपैकी ईडीटीएमधला प्लाझ्मा घ्यावा, सायट्रेटमधला नको. सायट्रेट खाणारा जिवाणू असला तर कोॲग्युलेज नसतानाही प्लाझ्मा साकळतो.

सांगली : ‘रंग धरणे–सोडणे’, ‘तार’, ‘घड’, ‘साकळणे’ घेतले. रिपोर्टात ‘ग्राम-निगेटिव्ह’ तसंच ठेवून कंसात ‘गुलाबी काड्या, जिवाणू आढळले’ असं लिहितो. कॅटलेजला (वसाहतीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बुडबुडे बघतात, त्या चाचणीला) ‘फसफसणे’ चालेल?

मिरज : चालेल. फक्त ब्लड अगारवरून (जिवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित माध्यमावरून) वसाहत उचलताना खालचं रक्त येऊ देऊ नका, तांबड्या पेशीही पेरॉक्साइडमध्ये फसफसतात. आणि लोखंडी लूप नको, लाकडी काडी घ्या.