दिवाळीत कुत्रा ठेवायचा कुठे: घरगुती बोर्डिंग की केनेल?

नागाळा पार्ककर:
काल इथे एका ताईंनी लिहिले की, 'कुत्र्याला केनेलच्या पिंजऱ्यात कोंडून दिवाळीत फिरायला जाणाऱ्यांनी कुत्रा पाळूच नये, घरगुती बोर्डिंग हाच माणुसकीचा मार्ग.' राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझी लॅब (लॅब्राडोर) ज्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या वसतिगृहात राहते, तिथे प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र खोली, समोर पळायला जागा आणि एकामागे एक अशी दोन फाटके आहेत. बाहेरचे लागल्याशिवाय आतले उघडत नाही. कुणाच्या घरी ठेवले तर मात्र दूधवाला आला की दार उघडे राहते आणि नव्या जागी बावरलेले जनावर क्षणात रस्त्यावर जाते. फटाक्यांच्या धामधुमीत कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत ते शोधायचे कुठे? शिवाय एखाद्या पिल्लाला पार्व्हो (रक्ती जुलाबाचा जीवघेणा संसर्ग) निघाला, तर केनेलची फरशी ब्लीचने धुता येते. घरातल्या सोफ्याचे आणि गादीचे काय करणार?

पोस्ट लिहिणारी ताई:
दादा, फरशीचे कौतुक पुरे झाले. फरशीच्या पलीकडे जी माती असते, तिच्यात पार्व्होचा विषाणू महिनोन्महिने टिकतो, हेही सांगायचे होते. माझा म्हातारा गावठी कुत्रा केनेलमधून आला तो घसा बसून आणि कानात गोचिडांचे घोस घेऊन. मग खोकला सुरू झाला. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लक्षणे दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवडेही लागतात, त्यामुळे 'आमच्याकडून गेला तेव्हा ठणठणीत होता' हे त्यांचे उत्तर तयारच होते. आता मी ज्या काकूंकडे ठेवते, त्या एका वेळी दोनच कुत्री घेतात, लसीचे कार्ड पाहिल्याशिवाय दारात उभे करत नाहीत आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ पाठवतात.

फुलेवाडीचा कारवानवाला:
व्हिडिओत शेपटी दिसते, ताटात काय पडले ते दिसत नाही. आमचा कारवान जातीचा कुत्रा अशाच एका प्रेमळ घरी होता. रविवारी मटण शिजले आणि 'पाहुणा उपाशी कसा ठेवायचा' म्हणून त्याला पांढरा रस्सा, भात आणि वर शिजलेली हाडे वाढली गेली. रश्श्यातला कांदा-लसूण शिजवला तरी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात रुततात. घरी आणल्यावर त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या, तेव्हा डॉक्टरांकडे धावलो. केनेलमध्ये निदान मोजून दिलेले कोरडे खाणे तरी मिळते.

जुना शाहूपुरीकर:
आमच्या घरी तीन पिढ्यांची कुत्री रस्सा-भाकरीवर जगली. तुमच्या कारवानाला सांभाळायचे की त्याच्यासाठी वेगळा आचारी ठेवायचा?

फुलेवाडीचा कारवानवाला:
काका, जगली ती आपल्याला आठवतात. मेली त्यांना 'विषबाधा झाली असेल' म्हणून पुरले. शिळ्या रश्शाने त्यांच्या पोटात काय केले, हे तेव्हा कोणी रक्त तपासून पाहिले होते?

जुना शाहूपुरीकर:
म्हणजे आम्ही कुत्री मारली, असे आपले म्हणणे? कोल्हापुरात येऊन रश्शाला विष म्हणणारा माणूस प्रथमच पाहिला.

फुलेवाडीचा कारवानवाला:
मी इथलाच आहे आणि रस्साही खातो. कुत्र्याला देत नाही, इतकेच.

नागाळा पार्ककर:
रस्सा आवरा. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांत 'ब्रीडर'च्या व्याख्येत बोर्डिंग केनेल चालवणाराही येतो आणि त्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ताई, आपल्या काकूंची नोंदणी आहे का?

पोस्ट लिहिणारी ताई:
नोंदणी नसावी. आपल्या केनेलची आहे का, तेही आपण सांगितले नाहीत.

पंचगंगाकाठ:
एक राहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, मी पुण्यात अडकलेलो आणि कुत्रा शहराबाहेरच्या सखल जागेतल्या केनेलमध्ये. तिथल्या पोराने सगळी कुत्री गच्चीवर नेली, म्हणून वाचली. पण उंदरांच्या मुतामुळे पुराच्या पाण्यातून लेप्टो (यकृत-मूत्रपिंडाला ग्रासणारा जिवाणूसंसर्ग) होतो, तेव्हा पुढचे दिवस डॉक्टरांच्या फेऱ्यांत गेले. दिवाळीला पूर येत नाही हे खरे, पण पावसाळ्यातही लग्ने आणि गावची कामे निघतातच. केनेल असो वा घर, आधी पूररेषा विचारा आणि मग प्रेमाचे बोला.

नागाळा पार्ककर:
जागेचा मुद्दा मान्य, आणि म्हाताऱ्या, औषधावरच्या कुत्र्याला दोनच पाहुण्यांचे घर बरे, हेही नाइलाजाने मान्य करतो. उड्या मारणारी तरुण लॅब मात्र मी कोणाच्याही दिवाणखान्यात सोडणार नाही.

पोस्ट लिहिणारी ताई:
केवढे उपकार! मग माझ्याकडूनही घ्या: काकूंना दाराला जाळीचे दुसरे फाटक बसवायला आणि नोंदणीची चौकशी करायला आजच सांगते. आपण फक्त केनेलवाल्याला विचारा की लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके वाजताना कुत्र्यांजवळ माणूस कोण असतो. उत्तर 'कॅमेरा आहे' असे आले, तर पुढची पोस्ट मी लिहीनच.