मदत हवी आहे : ग्रीक शिल्पकाराची चांदीची पदकं, ओळख आणि जपणूक

मंडळी, नाणी-पदकांतलं कळणारं कोणी असेल तर प्लीज मदत करा. माझे काका मर्चंट नेव्हीत, ग्रीक मालकाच्या जहाजांवर चीफ इंजिनियर होते, रिटायर झाले तेव्हा पिरेयसच्या ऑफिसातून त्यांना मखमली डबीत चांदीची तीन स्मृतिपदकं मिळाली. काका आता नाहीत, काकूने डबी माझ्याकडे दिलीय. सराफाकडे नेली तर तो लगेच मोडीचा भाव सांगायला लागला, पण मला विकायची नाहीयेत, ती नेमकी काय आहेत ते नीट कळायला हवंय.

एकावर गलबत, एकावर अथेनाचं घुबड आणि तिसऱ्यावर भाला उगारलेला शिरस्त्राणवाला योद्धा. हे तिसरं फार सुंदर आहे, शिरस्त्राणाच्या तुऱ्यातला केस न् केस वेगळा दिसतो. ढालीच्या खाली भिंगातून बघितलं तर बारीक सही आहे, बीटा, टिंब, मग फी (गोलातून उभी रेघ जाते ते), अल्फा, लांब्डा, ईटा, पुढचं झिजलंय आणि शेवटी सिग्मा. माझ्या अंदाजाने हा ग्रीक शिल्पकार वासोस फालिरेआस (1905-1979) असावा. ग्रीसमध्ये थर्मोपिलीला स्पार्टाच्या लिओनिदास राजाचं जे स्मारक आहे ते त्याचंच, 1955 चं, अमेरिकेतल्या ग्रीक लोकांच्या पैशातून झालेलं, आणि खाली 'मोलोन लवे' म्हणजे 'या आणि घेऊन जा' असं कोरलंय. ग्रीसच्या दुसऱ्या कॉन्स्टंटाइन राजाच्या काळातल्या नाण्यांवरही याची सही असते, म्हणजे छोट्या गोल जागेत काम करायची सवय असलेला माणूस. पदकावरच्या योद्ध्याची उभं राहायची ढबही त्या पुतळ्यासारखीच वाटते मला. पण नुसत्या सहीवरून खात्री धरायची का?

दुसरं म्हणजे चांदी. कडेवर 925 (म्हणजे हजारात 925 भाग चांदी) वगैरे काहीच शिक्का नाही. म्हणून घरीच घनता काढली, काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य केला आणि पदक दोऱ्याने पाण्यात सोडलं, ग्लासाच्या तळाला टेकू न देता. पदक 61.4 ग्रॅम, काटा 6.02 वर गेला, म्हणजे घनता साधारण 10.2. 925 ची 10.36 च्या आसपास यायला हवी, जर्मन सिल्व्हर असतं तर 9 च्या खालीच राहिली असती. 1964 च्या राजाच्या लग्नाचं 30 द्राख्माचं नाणं 835 चांदीचं होतं आणि 835 ची घनता बरोब्बर 10.2 येते! तर तेव्हा पदकंही नाण्यांच्याच चांदीतून पाडायचे का?

आणि साफ करू का? काकू म्हणते रांगोळीने घास, लख्ख होतील. मला अजिबात धीर होत नाहीये, खोलगट भागातला काळेपणा आहे म्हणून तर उठाव दिसतो, आणि रांगोळीने बारीक ओरखडे येणारच ना.

अपडेट: प्रतिसादांबद्दल मनापासून थँक्यू. घासणं कॅन्सल. पीव्हीसीच्या पाकिटातूनही काढली, त्याने हिरवट चिकट थर येतो हे खरंच माहीत नव्हतं, आता मायलारच्या (पॉलिस्टर प्लॅस्टिकच्या) पाकिटात सिलिका जेलसोबत ठेवलीत कारण मुंबईची हवा. कडेवर जोडाची रेघ नाही आणि अक्षरं धारदार आहेत, म्हणजे ओतीव नसून डायने (पोलादी ठशाने) ठोकलेली, हेही पटलं.

आता एकच राहिलं. अथेन्सला पानेपिस्तिमिऊ रस्त्यावर ट्रॉय उकरणाऱ्या श्लीमानच्या जुन्या घरात नाण्यांचं म्युझियम आहे, तिथे पदकंही आहेत. इथलं कोणी ग्रीसमध्ये राहत असेल किंवा जाणार असेल तर मी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो पाठवते, तिथे दाखवाल का? ग्रीकमध्ये दोन ओळींचं पत्र कोणी लिहून दिलं तरी चालेल.