मदत हवी आहे: तांबडी भाजी, मुंग्या आणि तीस पोरं
नमस्कार मंडळी, मी गोव्यात पेडण्याला मराठी प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर पोरांकडून मागच्या अंगणात तांबड्या भाजीचे (लाल माठाचे) दोन वाफे करून घेतले, बी बारीक म्हणून रेती मिसळून पेरलं, पण निम्मं मुंग्यांनीच पळवलं! राख टाकली ती पावसाने धुतली. औषध नकोय, पोरं मातीत हात घालतात. काय करू?

दुसरं म्हणजे महिनाभरात भाजी काढायला येते ना, ती मुलांनीच शिजवायची ठरलंय, कांदा, मिरची, वरून ओलं खोबरं, पण शेगडी एकच आणि विळी तर त्यांच्या हातात देववत नाही. कोणी केलंय का असं? जूनमध्ये तायकिळा (टाकळा, पावसाळी रानभाजी) मीच चिरत बसले, पोरं नुसती बघत होती.