अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या छोट्या गावातल्या गृहिणी: तुमच्या आठवणी लिहा

आयोवातल्या आमच्या जुन्या गावच्या पेपरात ओळखीच्या एका बाईंची निधनवार्ता वाचली. नवरा, मुलं, नातवंडं, चर्च, अंत्यविधीची वेळ. बाईंबद्दल एवढंच, की त्या गृहिणी होत्या आणि त्यांना बागकामाची आवड होती. मन खट्टू झालं. अशा बायका तुमच्यापैकी कितीतरी जणांना भेटल्या असतील. नावं नकोत, पण त्या काय काय करायच्या ते सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते. ऑगस्टमध्ये त्या बाईंच्या ओट्यावर टोमॅटोचा ढीग असायचा. गरम पाण्यातून काढून साली सोलायच्या, काचेच्या बरण्या भरायच्या, अर्ध्या लिटरच्या बरणीला एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस, मग बरण्या उकळत्या पाण्यात. घेवड्याच्या शेंगांना मात्र प्रेशर कॅनरच हवा, म्हणजे बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवायचं मोठं भांडं. त्यांत आंबटपणा नसतो, बॉट्युलिझमची, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेची भीती. याबाबतीत बाई कुणाचं ऐकायच्या नाहीत. बरण्या गार होताना झाकणं टक् टक् वाजायची. जी वाजली नाही ती त्याच रात्री जेवणात. बाकीच्या तळघराच्या फळीवर, झाकणावर वर्ष लिहून.

एम्स, आयोवा
विद्यापीठात शिकायला आलो तेव्हा ज्या कुटुंबाने मला सणावाराला घरी बोलावलं, त्या घरच्या काकू. मी शाकाहारी. पहिल्याच थँक्सगिव्हिंगला त्यांनी माझ्यासाठी स्टफिंग (टर्कीत भरतात ते पावाचं सारण) वेगळ्या भांड्यात केलं, मांसाच्या रश्श्याऐवजी भाज्या उकळलेल्या पाण्यात, आणि त्या भांड्याचा डावही वेगळा ठेवला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

इलिनॉय
गोड आठवणींबरोबर हेही नोंदवायला हवं. आमच्या घरमालकीणबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. १९८०च्या दशकात शेतीवर संकट आलं, व्याजदर कडाडले, जमिनीचे भाव कोसळले. शेजारच्या आयोवात तर १९८१ ते १९८६ या काळात ते जवळपास ६३ टक्क्यांनी उतरले. बाईंनी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. पगार बेताचाच, पण सगळ्या घराचा आरोग्यविमा त्या नोकरीवर चालला. पहाटे वासरांना दूध पाजून त्या कामावर जायच्या, रात्री शेताचे हिशेब. आणि लग्न झालं तेव्हा बँक नवऱ्याच्या सहीशिवाय त्यांना कर्ज देत नव्हती! कर्ज देताना बाई-पुरुष भेद करायला बंदी घालणारा कायदा आला तो १९७४ साली. 'हिशेब माझे, सही त्यांची,' असं त्या म्हणायच्या आणि त्यात कडवटपणा होता. तो असायलाच हवा होता.

मिनेसोटा
गावात कुणी गेलं की चर्चच्या तळघरात जेवण. हॅम सँडविच, बटाट्याचं सॅलड, बार (ट्रेमध्ये भाजून कापलेल्या गोड वड्या), कॉफीचे मोठे पिंप. कुणी काय आणायचं ते फोनाफोनीत तासाभरात ठरायचं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मास्किंग टेप, त्यावर आडनाव. माझी मुलगी झाली तेव्हा शेजारच्या आजी हॉटडिश (एकाच भांड्यात भाजलेलं जेवण) घेऊन दारात, वर टेटर टॉट्स, म्हणजे बटाट्याच्या किसाचे छोटे तळीव गोळे रचलेले. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आल्या होत्या. भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून त्यांनी त्यात चिवडा भरून दिला. पुढे ते भांडं दोन्ही घरांत भरलेलंच फिरत राहिलं. भाषेवाचून दोघींचं काही अडलं नाही.

धागाकर्ती (हा धागा सुरू करणारी मी)
इलिनॉयच्या ताई, सहीचं वाचून आठवलं. चर्चच्या बायका मिळून पाककृतींची स्पायरल बाइंडिंगची पुस्तकं काढायच्या. जुन्या पुस्तकांत पाककृतीखाली 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं नाव. बाईचं स्वतःचं नाव नाहीच. तुमच्यापैकी कुणाकडे असं पुस्तक असेल आणि त्यातल्या बाया ओळखीच्या असतील, तर त्यांची नावं पानावर लिहून ठेवा आणि पुस्तक गावच्या लायब्ररीला द्या. स्थानिक इतिहासाच्या कपाटात ते नक्की ठेवून घेतील.