नमाजेचा पोशाख आणि अबाया शिवताना: नेमकं किती झाकायचं, कापड कोणतं?

सुईदोरा_निपाणी
नमस्कार. निपाणीत बायकांचे कपडे शिवते. रमजानच्या आधी अबाया (कपड्यांवरून घालायचा लांब सैल झगा) आणि नमाजेच्या पोशाखाच्या ऑर्डरी येतात. एकीला घेर जमिनीला टेकणारा हवा असतो, दुसरी म्हणते घोट्यापर्यंत पुरे. यात धर्माने ठरवलेलं किती आणि आवडीचं किती? कापड कोणतं आणि किती मीटर घ्यावं? यामागचा हेतूही कुणी नीट सांगा, म्हणजे कापतानाच चूक टळेल. साडी नेसणाऱ्या वयस्क बायकांसाठी काय करावं?

खडेबाजारकर
ताई, जो भाग झाकायलाच हवा त्याला सतर म्हणतात. नमाजेत बाईचा चेहरा आणि मनगटापर्यंतचे हात सोडून बाकी सगळं सतर. केस, कान, मान, हनुवटीखालचा भाग, सगळं त्यात आलं.

तुमच्या गिऱ्हाइकांचा वाद पावलांवरून आहे, आणि दोघींचंही बरोबर आहे. सुन्नी मुसलमानांत धर्मनियमांचे वेगवेगळे पंथ आहेत, हनफी आणि शाफई हे त्यांतले दोन. आपल्याकडे बहुतेक घरं हनफी. त्यांच्यात नमाजेत पावलं उघडी राहिली तर चालतं. कोकणातून आलेली किंवा भटकळकडची घरं शाफई. त्यांच्यात पावलंही झाकायची, म्हणून घेर लांब तरी हवा किंवा पायात मोजे तरी. बाही मात्र दोन्हीकडे मनगटापर्यंत.

हनफी नियमात अवयवाचा चौथा भाग उघडा पडला आणि तीन वेळा 'सुब्हानअल्लाह' म्हणण्याइतका वेळ तसाच राहिला, तर नमाज मोडते. म्हणून आरशासमोर उभं करून माप बघणं पुरत नाही. दोन्ही हात खांद्यांपर्यंत उचलायला सांगा, मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकायला, मग सजद्यात डोकं टेकायला. बाही कोपराकडे सरकते ती हात उचलताना, आणि मागची कड वर चढते ती सजद्यात.

शिलाई_शहापूर
वरच्या उत्तराला कापडाची जोड देतो. अट तिहेरी आहे: झाकलं पाहिजे, आरपार दिसता कामा नये आणि अंगाला चिकटता कामा नये. पहिली सगळे पाळतात, फसतं ते पुढच्या दोन्हींत.

आरपार दिसतंय का हे दुकानातल्या दिव्याखाली कळत नाही. कापड एकेरी धरून उन्हात तळहातावर ठेवा. कातडीचा रंग कळला तर अस्तर हवंच. जॉर्जेटला अस्तर लावताना लोक फक्त अंगाला लावतात आणि बाह्या तशाच ठेवतात, मग दंड दिसतो. अस्तर बाहीलाही घ्या. निदा (अबायाचं नेहमीचं कापड) आणि जाडसर क्रेप अस्तराशिवाय चालतात. साटीन टाळा, ते अंगाचा आकार दाखवतं आणि कोरड्या हवेत पायांना चिकटतं. खानापूरच्या पावसात पॉलिस्टर भिजलं की तेच होतं, तेव्हा आत सलवार हवीच.

५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर ५४-५६ इंच उंचीच्या साध्या अबायाला ३ मीटर पुरतं. घेर मोठा हवा असेल तर साडेतीन. ४४ इंची पन्हा असेल तर चार ते साडेचार मीटर धरा. छातीला आणि कंबरेला टक्स घालू नका, नितंबाच्या मापात ८ ते १० इंच सैल ठेवा. काखेत चौबगला (सैलपणासाठी जोडायचा चौकोनी तुकडा) घाला. तो नसला की हात उचलताना सगळा कपडा वर ओढला जातो आणि घोटे उघडे पडतात. बाही मनगटाच्या पुढे इंचभर ठेवा आणि आतून इलास्टिक घ्या. शाफई गिऱ्हाईक असेल तर मागची उंची पुढच्यापेक्षा २ इंच जास्त. पुढे बटणं असतील तर अंतर ३ इंचांपेक्षा जास्त नको, बसल्यावर मधे फट पडते. बाजूला चीर द्यायचीच असेल तर आतून पट्टी लावा.

डोक्याच्या भागात एक गोष्ट विसरली जाते. सजद्यात कपाळ जमिनीला टेकतं, आणि शाफईंकडे ते उघडंच टेकावं लागतं. तोंडाभोवतीची पट्टी भुवयांवर उतरली तर अडचण. पट्टी केसांच्या रेषेवर बसवा, खालून हनुवटीखाली घट्ट घ्या. कपाळाकडे खडे किंवा जाड लेस नको.

साडीचं सांगायचं तर साडीला बंदी नाही. सतर झाकली की कपड्याचं नाव काहीही असो. गावाकडच्या आज्या इलकलीतच नमाज पढतात. पोलक्याची बाही मनगटापर्यंत घ्या, पोलकं कंबरेच्या खाली चार बोटं उतरेल इतकं लांब ठेवा, कारण वाकल्यावर पाठ आणि पोट उघडं पडतं ते तिथेच. डोक्यावरचा पदर घसरतो, त्याऐवजी सव्वादोन मीटरची सुती ओढणी वेगळी द्या. पांढरं वॉइल मात्र नको, केस दिसतात.

आपा_गोकाक
हेतूचं मी सांगते. तो सांगायचा राहून गेला तर वरची सगळी मापं नुसती मापंच राहतील.

मूळ शब्द हया. लाज म्हणून मराठीत सांगतात, पण त्यात अपराधीपणा नाही, स्वतःची आणि समोरच्याची कदर आहे. कुरआनात सूरह नूर या अध्यायाच्या ३० व्या आयतीत, म्हणजे वचनात, नजर खाली ठेवायला आधी पुरुषांना सांगितलंय. बायकांना सांगणारी आयत त्यानंतरची, ३१ वी. त्यात ओढणी छातीवरच्या गळ्याच्या उघड्या भागावर घ्या, असे शब्द आहेत. म्हणजे ओढणी नुसती डोक्यावर टाकून टोकं पाठीवर सोडली तर सांगितलेलं काम होतच नाही. ताई, ओढणीची लांबी ठरवताना हे धरा. सूरह अहजाबच्या ५९ व्या आयतीत कारणही दिलंय: ओळखल्या जाव्यात आणि कुणी त्रास देऊ नये.

सूरह आराफच्या २६ व्या आयतीत कपडा झाकण्यासाठी आणि शोभेसाठी दिला असं म्हटलंय, आणि पुढे तक्व्याचा, म्हणजे अल्लाहचं भय राखण्याचा, पोशाख सगळ्यांत उत्तम. शोभा वर्ज्य नाही. पण सगळ्यांच्या माना वळाव्यात म्हणून घातलेला कपडा हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, नापसंत आहे. छातीवर चमकीचं मोठं काम केलेला काळा अबाया सगळं झाकतो आणि हेतूच्या उलट जातो. असं काम कुणी मागितलं तर बाहीच्या कडेला बारीक धाग्याचं सुचवून बघा.

चेहऱ्याबद्दल उलेमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, मतभेद आहेत. चेहरा सतर नाही हे हनफी मत, तरी बाहेर जाताना तो झाकावा असं पुष्कळ उलेमा सांगतात. हज किंवा उमराह या मक्केच्या यात्रांत इहराम (यात्रेची बंधनं पाळायची अवस्था) असताना मात्र बाईने निकाब (चेहरा झाकणारा पडदा) आणि हातमोजे घालायचे नाहीत. उमराहसाठी शिवायला आलं तर जोडलेला निकाब देऊ नका.

आणि पुरुषांना सूट आहे असं नाही. त्यांची सतर बेंबीखालून गुडघ्यापर्यंत, हनफींकडे गुडघाही त्यात. आखूड टीशर्ट आणि खाली सरकणारी जीन घालून सजद्यात गेलं की कमरेमागचा भाग उघडा पडतो, दर जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजेत, दिसतं. शुद्ध रेशीम आणि सोनं त्यांना मना आहे, पायजमा घोट्याच्या वर.

सुईदोरा_निपाणी
खूप कामाचं सांगितलंत. मग माप घेताना 'हनफी की शाफई' असं विचारू का?

आपा_गोकाक
तसं नको, कुणाकुणाला सांगताही येत नाही, अवघडल्यासारखं होतं. 'पाय झाकून हवाय की घोट्यापर्यंत?' एवढंच विचारा. आणि पहिला जोड कच्च्या टाक्यांवर घालायला देऊन घरी एक नमाज पढून बघायला सांगा. कुठे चढतं, कुठे सरकतं ते त्याच येऊन सांगतील, मग पक्की शिलाई मारा.