दह्याने काळवंडलेला पीएच इलेक्ट्रोड: आधी पेप्सिन की थायोयुरिया?

दुग्धपरीक्षक
डेअरीच्या लॅबमध्ये काचेचा, द्रावण बदलता येणारा कॉम्बिनेशन इलेक्ट्रोड (मापणारा आणि संदर्भाचा असे दोन्ही एकाच नळीत) आहे. नमुने बहुतेक दही-ताकाचे. २५ अंशांना पीएच ७.०० च्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) +३४ मिलिव्होल्ट येतात, ४.०१ मध्ये +१९०. आकडा स्थिरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, जंक्शन (आतलं द्रावण बाहेर झिरपतं तो सच्छिद्र भाग) काळं पडलंय. पेप्सिन (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) आधी की थायोयुरिया (चांदीचा काळा थर विरघळवणारं रसायन)? की नवीनच मागवू?

काचनळी
नवीन मागवायची घाई नको. दोन आकड्यांतला फरक १५६ भागिले पीएचमधला फरक २.९९ म्हणजे उतार (एका पीएचमागे मिलिव्होल्ट) ५२, आदर्श ५९.१६ च्या ८८ टक्के. काचेवर थर बसला की उतार पडतो. जंक्शन तुंबलं की ७ च्या बफरचा आकडा ±३० मिलिव्होल्टच्या बाहेर जातो. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय. त्याच बफरमध्ये ढवळताना आणि ढवळणं थांबवून आकडा बघा, हलला तर जंक्शनच.

पेप्सिन आधी, कारण प्रथिनांचा थर असेपर्यंत थायोयुरिया आत पोचत नाही. १०० मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १ ग्रॅम पेप्सिन, त्यात बल्ब आणि जंक्शन बुडवून तासभर. द्रावण ताजंच करा. काळेपणा उरला तर तो सिल्व्हर सल्फाइडचा: त्याच आम्लात ७.५ टक्के थायोयुरिया, रंग जाईपर्यंत. हातमोजे घालाच. मग आतलं द्रावण पूर्ण काढून नवीन भरा, इलेक्ट्रोड रात्रभर ३ मोलर केसीएलमध्ये (पोटॅशियम क्लोराइड, १०० मिलीला २२.४ ग्रॅम) ठेवा आणि सकाळी बफर वापरून कॅलिब्रेट करा.

दुग्धपरीक्षक
मापताना आतलं द्रावण भरायचं छिद्र बंदच असतं. त्याचा संबंध असेल?

विश्लेषक
नक्कीच. छिद्र बंद असलं की केसीएल बाहेर झिरपत नाही, उलट नमुनाच आत शिरतो आणि दुधातली प्रथिनं थेट इलेक्ट्रोडमधल्या चांदीच्या क्षारांना भेटतात. काळेपणा तिथूनच सुरू होतो. मापताना छिद्र उघडं, आतली पातळी नमुन्यापेक्षा किमान २ सेंटिमीटर वर. काम झालं की बंद. दह्यानंतर लगेच कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा. टिश्यूने नुसतं टिपा. घासलं की काचेवर स्थिर विद्युतभार येतो आणि आकडा भरकटतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून मात्र देऊ नका.

काचेला तरतरी आणायला अमोनियम बायफ्लोराइड सुचवतात. त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, डेअरीच्या लॅबमध्ये ते नकोच. एवढं करूनही उतार ९० टक्क्यांवर गेला नाही तर इलेक्ट्रोड बदला.